विशेष शिक्षण : पालकांशी होणारा पहिला संवाद

शाळेच्या स्मरणिकेत यशाची नोंद असते आणि ती असायलाच हवी. दहावीचे निकाल, शिष्यवृत्तीधारकांची नावे, मैदानावर मिळवलेल्या ढाली, पुढे डॉक्टर, अभियंता, अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे हे सारे पाहताना, पदरमोड करून निवासी शाळा उभ्या करणाऱ्या पिढीचे डोळे भरून येतात. परंतु प्रत्येक निवासी शाळेत अशीही काही मुले असतात, ज्यांची नोंद कोणत्याच पानावर होत नाही. पाचवीत आली तरी त्यांना जोडाक्षर लागत नाही. फळ्यावरचे उतरवून घेताना त्यांची ओळ सुटते. मागून हाक मारली तर ती वळून पाहत नाहीत. त्यांना कोणी हाकलून देत नाही. ती आपली मागे सरकत सरकत शेवटच्या बाकावर जाऊन पोहोचतात आणि एखाद्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला गेलेली परत येत नाहीत. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि आपण पुढच्या नावाकडे वळतो.

अशा मुलांच्या आईवडिलांशी विशेष शिक्षणाविषयी कोणी, केव्हा आणि कसे बोलावे, हा या लेखाचा विषय आहे. विशेष शिक्षिका म्हणून निवासी शाळांतून वावरताना माझे जे मत बनले, ते प्रारंभीच मांडते. हा संवाद म्हणजे पालकांना कळवायची एक बातमी आहे, असे आपण समजतो आणि तेथेच सारे बिघडते. पालकांकडे काही मागण्यापूर्वी शाळेने स्वतः काय करायचे ठरवले आहे, हे सांगितले तरच त्याला संवाद म्हणता येईल. एरवी ती केवळ तोंडी दिलेली नोटीस असते.

निवासी शाळेचे वेगळेपण

दिवसाच्या शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. आईला त्याची वही दिसते, शेजारच्या मुलाशी नकळत तुलना होते आणि काहीतरी निराळे आहे, ही शंका तिच्या मनात शिक्षकांच्याही आधी येते. आपल्याकडे तसे घडत नाही. आपल्या पालकांपैकी कोणी ऊसतोडीला जातात, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेले ऊसतोड कुटुंब कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परतते. वर्षातील बहुतेक महिने मूल आपल्या छताखाली असते. त्याला सदऱ्याची बटणे लावता येतात की नाही, रात्री अंधारात ते कुठे अडखळते, जेवताना कोणाशी बोलते, हे त्याच्या आईपेक्षा वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि स्वयंपाकघरातील मावशींना अधिक ठाऊक असते.

याउलट, ते जन्मताच रडले का, तापात आकडी आली होती का, चालायला आणि बोलायला केव्हा लागले, कान कधीपासून वाहतो, हे केवळ आईच सांगू शकते. म्हणजे अर्धे मूल पालकांना माहीत असते आणि अर्धे आपल्याला. हे दोन अर्धे एकत्र आल्याखेरीज कोणत्याही तज्ज्ञाला त्या मुलाविषयी नीट काही सांगता येत नाही. पालकांशी बोलणे हा शिष्टाचाराचा भाग नाही. त्याच्यावाचून मुलाचे चित्रच पुरे होत नाही.

आणि आपण हे बोलणे कधी उरकतो? जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत. टेबलापुढे रांग लागलेली असते, कोणाच्या हातात दाखल्याची झेरॉक्स, कोणाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, परतीची एसटी चुकेल म्हणून प्रत्येकाला घाई. त्या गडबडीत टेबलापलीकडून एक वाक्य येते, “तुमचा मुलगा फार मागे आहे, त्याला विशेष शाळेत घालायचं बघा.” वाक्य खोटे नसेलही. पण ते ज्या जागी, ज्या सुरात आणि ज्या लोकांसमक्ष उच्चारले जाते, त्यामुळे त्याचा अर्थच पालटून जातो.

‘विशेष’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा

सहावीतील एका मुलाच्या वडिलांना शिक्षकांनी अतिशय सौम्य शब्दांत सांगितले, की याला विशेष शिक्षणाची गरज आहे. वडिलांनी सारे मान खाली घालून ऐकले. नंतर ते उठले, वसतिगृहात गेले आणि मुलाची पेटी उचलून बाहेर घेऊन आले. “आजच न्यायचा ना, सर?” एवढेच त्यांनी विचारले. मुलाला घरी न्या, असे शिक्षक बोललेच नव्हते. परंतु ‘तुमच्या मुलासाठी वेगळी व्यवस्था’ या शब्दांचा आजवरच्या अनुभवातून त्या गृहस्थांना जो अर्थ ठाऊक होता, तोच त्यांनी घेतला. त्या दिवशी ती पेटी परत आत नेऊन ठेवायला शिक्षकांना बराच वेळ समजूत घालावी लागली.

या अर्थाला इतिहास आहे. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे या समाजाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात निराळे बसून बाबासाहेबांना शिकावे लागले, हे आपल्या शाळेतील पहिलीच्या मुलालाही माहीत असते. त्याच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ज्यांना कोठेच थारा नव्हता, त्यांना आत घेणे हा वसतिगृह चळवळीचा गाभा होता. तिचा वारसा सांगणाऱ्या संस्थेच्या दारातून एखादे मूल केवळ ‘शिकत नाही’ म्हणून बाहेर पडत असेल, तर त्या वारशाचा हिशेब आपण पुन्हा एकदा तपासला पाहिजे.

कायदाही याच बाजूने उभा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश केला. ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर योग्य ते अध्यापनाचे उपाय योजावेत, असे या कायद्याने सांगितले आहे आणि हे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकले आहे. याच कायद्याचे कलम ३१ असे म्हणते, की ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकाला नजीकच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निवडीप्रमाणे’ या शब्दावर थांबायला हवे. निवड मुलाची आहे, त्याच्या वतीने पालकांची आहे, शाळेची नाही. आपले काम त्यांना निवड करता येईल इतकी माहिती देण्याचे आहे.

बोलण्यापूर्वी पाहणे

पालकांना बोलावण्याआधी शाळेने आपली तयारी केली पाहिजे. कारण ‘मंद’ म्हणून गणली गेलेली कितीतरी मुले मंद नसतात.

पहिला प्रश्न कानाचा. लहानपणापासून कान वाहत असलेल्या मुलाला शिक्षकांचे अर्धे बोलणे ऐकू येत नाही आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ असे म्हणतो. दुसरा डोळ्यांचा. चष्म्याची गरज असलेले मूल फळा वाचू शकत नाही, पण आपल्याला दिसत नाही हे त्याला स्वतःलाही कळत नसते. जग असेच धूसर असते, अशी त्याची समजूत असते. तिसरा प्रश्न भाषेचा. ज्या मुलाच्या घरी गोरमाटी, गोंडी किंवा पारधी बोलली जाते, ते पुस्तकातील प्रमाण मराठी शिकायला काही वर्षे घेणारच. ते परकी भाषा शिकत आहे, हे ध्यानात न घेता त्याला अध्ययन अक्षम ठरवणे हा शुद्ध अन्याय होय. चौथा प्रश्न रक्ताचा. विदर्भात अनुसूचित जाती व आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सांधे ठणकतात म्हणून वारंवार आजारी पडणारे, वर्गात पेंगणारे मूल आळशी नसून या आजाराने गांजलेले असू शकते. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलही आहे, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, तेव्हा ही मुले त्या दिवशी हजर आहेत ना आणि त्यांच्याविषयीच्या आपल्या शंका डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या ना, एवढी दक्षता घेतली तरी यांतील बरेच प्रश्न वेळीच उघड होतात. या चाळणीतून पार पडूनही एखादे मूल अडत असेल, तर मग खऱ्या अर्थाने विशेष शिक्षणाचा विचार सुरू होतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेची पडताळणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी करता येते. म्हणजे मूल सातवी-आठवीत जाईपर्यंत वाट पाहण्याचे काही कारण नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. वंचित समाजाच्या मुलांबाबत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. अपुरी शिकवणी, स्थलांतर, भाषेची दरी यांमुळे मागे राहिलेल्या मुलाला घाईने ‘गतिमंद’ म्हणायचे, ही एक. आणि ज्याला खरोखर अक्षमता आहे त्याच्याकडे ‘या मुलांचं असंच असतं, घरीच वातावरण नाही’ असे म्हणून दुर्लक्ष करायचे, ही दुसरी. पहिल्या चुकीत मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो, दुसरीत त्याच्या हक्काची मदत बुडते. दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आपण त्या मुलाकडे नीट पाहिलेले नसते.

म्हणून एक साधी वही ठेवावी. तारीख घालून, दोन महिने. ‘वाचनात कच्चा’ असे त्यात लिहू नये. ‘तोंडी गोष्ट सांगितली, सर्व प्रश्नांची उत्तरे दिली, तीच गोष्ट वाचायला दिल्यावर पहिल्या ओळीत चार शब्द चुकले, नंतर पुस्तक मिटले,’ असे लिहावे. ‘भांडखोर’ असे लिहू नये. ‘प्रकट वाचनाच्या तासाआधी तीन वेळा भांडण काढले,’ असे लिहावे. वर्गशिक्षक, अधीक्षक आणि स्वयंपाकघरातील मावशी या तिघांनी पाहिलेले त्यात असावे. शिक्षकाने निदान करू नये. तो अधिकार डॉक्टरांचा आणि मानसशास्त्रज्ञांचा आहे. शिक्षकाने जे डोळ्यांनी पाहिले ते सांगावे. निदानावर पालक वाद घालतील, पण जे घडले ते ऐकताना त्यांना आपलेच मूल दिसते. “हो, घरीसुद्धा असंच करतो,” हे उद्गार आईच्या तोंडून निघाले, की संवादाला खरी सुरुवात झाली असे समजावे.

सत्य, हितकर आणि वेळेवर

अप्रिय गोष्ट बोलावी की बोलू नये, हा प्रश्न जुना आहे. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात हाच प्रश्न तथागतांना विचारला जातो. त्या वेळी राजपुत्र अभयाच्या मांडीवर एक तान्हे बालक असते. या बालकाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे तथागत त्याला विचारतात. रक्त आले तरी तो बाहेर काढीन, कारण मला बालकाविषयी करुणा आहे, असे अभय उत्तरतो. बोलणे सत्य असावे, हितकर असावे आणि ते उच्चारण्याची योग्य वेळ पाहिलेली असावी, असा या संवादाचा बोध आहे. आपल्या विषयासाठी याहून नेमकी कसोटी मला सापडलेली नाही. मूल तर तेथे साक्षात मांडीवर आहे.

सत्य म्हणजे गोडगोड बोलून वेळ मारून न्यायची नाही. ‘होईल हळूहळू सुधारणा’ हे वाक्य शिक्षकांच्या सोयीचे असते. त्यापायी मुलाची दोन-तीन वर्षे वाया जातात. हितकर म्हणजे ज्या बोलण्याच्या शेवटी पुढची एखादी वाट दाखवता येत नाही, ते बोलणे अर्धवट ठेवू नये. आणि वेळेवर म्हणजे प्रवेशाच्या रांगेत नाही, सर्वांसमक्ष पालकसभेत नाही, निकालाच्या दिवशी नाही आणि मुलाला दाराबाहेर उभे करून तर नाहीच नाही.

प्रत्यक्षात काय करावे, हे थोडे विस्ताराने सांगते. शक्य तर आई आणि वडील दोघांनाही बोलवावे. केवळ वडिलांना सांगितले, तर घरी जाईपर्यंत त्याचे ‘तुझ्या पोराला डोकं नाही म्हणाले’ असे रूपांतर होण्याचा धोका असतो आणि सारा दोष आईच्या पदरात पडतो. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, सासरी कोणाचा तळतळाट लागला, अशा बोलण्याने ती आधीच पोळलेली असते. म्हणून अगदी प्रारंभी, दोघांच्या देखत, स्वच्छ शब्दांत सांगावे, “ग्रहणानं किंवा कोणाच्या तळतळाटानं असं होत नाही. यात आईचा काही दोष नाही.” हे एक वाक्य मी कित्येक आयांच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिले आहे. अंगारे-धुपारे आणि बुवाबाजीकडे जाणारी पावले तेथेच थबकण्याची शक्यता असते. उपदेशाच्या व्याख्यानाने ती थबकत नाहीत.

बसायला सर्वांना सारख्या खुर्च्या असाव्यात. आपण टेबलामागे आणि पालक भिंतीशी उभे, अशा रचनेत ते फक्त ‘हो’ म्हणतात. आधी मूल काय करू शकते, ते सांगावे आणि तेही प्रशंसेसाठी प्रशंसा म्हणून नव्हे, तर नोंदवहीतील खऱ्या गोष्टी सांगाव्यात. मग अडचण सांगावी. मग थांबावे. हे थांबणे शिक्षकांना फार कठीण जाते, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही. परंतु पालकांचे पहिले प्रश्न त्या शांततेतूनच येतात. ते प्रश्न सहसा अभ्यासाचे नसतात. ‘याचं लग्न होईल का?’, ‘धाकट्यालाही असंच होईल का?’, ‘आम्ही गेल्यावर याचं काय?’ हे ते प्रश्न. त्यांना हसण्यावारी नेऊ नये.

‘सर, तुम्ही म्हणाल तसं’ या वाक्याने आपण हुरळून जातो. ती संमती असते असे नाही. पुष्कळदा तो केवळ आदर असतो, कधी धाक असतो. म्हणून पहिल्या भेटीत कोठेही सही किंवा अंगठा घेऊ नये. जे बोलणे झाले ते साध्या मराठीत एका कागदावर लिहून द्यावे, म्हणजे गावी गेल्यावर शिकलेल्या पुतण्याकडून ते वाचून घेता येते. पंधरा दिवसांनी फोन करावा आणि दुसरी भेट ठरवावी. एका बैठकीत आयुष्याचा निर्णय घेण्याची सक्ती आपण स्वतःच्या मुलाबाबत कधी मान्य करू का?

शाळेने सोबत काय आणावे

चूळपन्थकाची कथा आपल्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगितली जाते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून भिक्षू असलेल्या थोरल्या भावानेच त्याला विहार सोडून घरी जायला सांगितले. पहाटे निघालेल्या त्या तरुणाला तथागत दारातच भेटले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. पांढऱ्या स्वच्छ वस्त्राचा एक तुकडा दिला आणि तो हातांनी चोळत एकच शब्द म्हणत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळण्यातून अनित्यतेचा जो बोध इतरांना गाथांतून होत होता, तोच त्याला झाला. कथेतील दोन तपशील शिक्षकांनी विसरू नयेत. ती एका निवासी संस्थेची कथा आहे आणि तिच्यात बदलले गेले ते साधन. विद्यार्थी बदलावा, अशी अट कोणी घातली नाही.

पालकांसमोर बसताना शाळेने असाच वस्त्राचा तुकडा सोबत आणावा. उद्यापासून हा पहिल्या बाकावर, खिडकीच्या उजेडात बसेल. त्याचा इतिहासाचा पेपर तोंडी घेऊ. गणिताला पंचवीसऐवजी दहा उदाहरणे देऊ, पण ती पुरी करून घेऊ. रात्रीच्या अभ्यासिकेत आठवीतील एक मुलगा त्याला धडा वाचून दाखवील. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक आले, की त्यांच्याकडून त्याच्यापुरता वेगळा शैक्षणिक आराखडा करून घेऊ. पुढे प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ हा त्याचा हक्क असेल. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. मात्र त्या ऐकल्यावर पालकांच्या ध्यानात येते, की मूल काढून घ्यायला आपल्याला बोलावलेले नाही.

प्रमाणपत्राचा विषयही असाच हाताळावा. ‘जिल्हा रुग्णालयातून दाखला आणा’ हे सांगायला सोपे आहे. त्यासाठी पालकांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे ते कळत नाही आणि तपासणीचा वार चुकला तर पुढच्या वेळी पुन्हा यावे लागते. संस्थेचा एक माणूस त्यांच्यासोबत जावा. ऑनलाइन अर्ज शाळेच्या संगणकावरून भरून द्यावा. नोंदवहीची प्रत डॉक्टरांच्या हाती पडावी. प्रमाणपत्र म्हणजे मुलावर मारलेला शिक्का नसून ते हक्काचे कागदपत्र आहे, ही गोष्ट सोबत जाणाऱ्या माणसामुळे पटते.

विशेष शाळाच योग्य असेल तेव्हा

सर्वच मुलांना आपल्या शाळेत ठेवावे, असा माझा आग्रह नाही. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक आणि त्याच भाषेत खेळणारे, भांडणारे सवंगडी लागतात. आपल्याकडे ते नसतील, तर करुणेपोटी त्याला ठेवून घेणे म्हणजे चारशे मुलांच्या गर्दीत त्याला एकटे सोडणे होय. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला स्वावलंबनाचे शिक्षण देणारी प्रशिक्षित माणसे लागतात. अशा वेळी हे प्रामाणिकपणे सांगावे. परंतु सांगण्यापूर्वी शाळेतील कोणीतरी ती विशेष शाळा स्वतः पाहून यावी, तेथे वसतिगृह आहे का, जागा आहे का, याची चौकशी करावी आणि पहिल्या भेटीला पालकांबरोबर जावे. पत्ता हातात देऊन निरोप देणे याला मार्गदर्शन म्हणत नाहीत.

पालकांना या कामातले काही कळत नाही, असे मानणाऱ्यांनी महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाचा इतिहास पाहावा. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली, ती आपल्या मुलीच्या निमित्ताने. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम उभे केले, तेही आपल्या मुलीसाठी वाट शोधताना. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे उच्चशिक्षित होऊन लेखिका झाली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, त्यामागेही आईचेच मन होते. या तिन्ही शाळांचा उगम पालकांपाशी आहे.

मात्र या मातांजवळ शिक्षण होते, ओळखी होत्या, थोडीफार आर्थिक निश्चिंती होती. आपल्या शाळेतील आईजवळ त्यांच्याएवढेच प्रेम आहे. बाकीचे काही नाही. उणे असलेले हे बाकीचे म्हणजेच माहिती, सोबत, वेळ आणि प्रवासखर्च. ते पुरवणे हेच संस्थेचे काम आहे. संस्था म्हणून आपण जन्माला आलो ते याच उणिवेतून.

दोन आक्षेप

शिक्षक म्हणतील, वर्गात पन्नास मुले, त्यात निवडणुका, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे. एवढा वेळ आणायचा कोठून? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकांच्या त्यागात शोधू नये. ते व्यवस्थापनाने द्यावे. एका शिक्षकाला या कामासाठी आठवड्यातील काही तास मोकळे करून देणे आणि अर्थसंकल्पात प्रवासासाठी एक छोटी रक्कम ठेवणे, हे कोणत्याही संस्थेला झेपणारे आहे. स्वागताच्या कमानीला लागतो त्याहून अधिक खर्च त्याला येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की पालक ऐकतच नाहीत. ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते’, ‘लागेल वळणाला’ असे म्हणून निघून जातात. जाऊ द्यावे. नकार हा अडाणीपणाचा पुरावा नाही. आपल्या मुलाविषयी असे ऐकल्यावर शिकलेली माणसेही बराच काळ नकारच देतात. पालकांचा होकार येईपर्यंत पहिला बाक, तोंडी परीक्षा, वाचून दाखवणारा सवंगडी यांपैकी काहीही थांबण्याचे कारण नाही. त्यांना कोणाचा दाखला लागत नाही. सहा महिन्यांनी मूल थोडे मोकळे झालेले दिसले, की तेच पालक आपण होऊन विचारतात, “मॅडम, ते तपासणीचं काय म्हणत होता तुम्ही?”

या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेच्या विश्वस्तांपुढे आणि शिक्षक बंधुभगिनींपुढे तीन सूचना ठेवते. तिसरीपासून पुढे प्रत्येक वर्गात निरीक्षणवही असावी. पालकांच्या भेटीसाठी वर्षातून दोन वेळा, कारखाने सुरू होण्यापूर्वी सप्टेंबरमध्ये आणि पट्टा पडल्यानंतर एप्रिलमध्ये, गर्दीविरहित दिवस राखून ठेवावेत. आणि सुट्टीनंतर जे मूल परत येत नाही, त्याच्या घरी एका आठवड्याच्या आत शाळेचे कोणीतरी जाऊन यावे, मग ते घर गावात असो, नाहीतर उसाच्या फडावरच्या पालात. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा निकालाच्या तक्त्याशेजारी आणखी एक आकडा छापता यावा, अशी माझी इच्छा आहे : सुट्टीला गेलेली किती मुले होती आणि त्यांपैकी किती परत आली.